मुंग्यांसकट आठवण काढा

चाळिशी उलटून गुडघे बोलू लागले की माणसाला म्युझिक चॅनल आठवतो. राजवाड्याच्या चौपाटीवर भेळेची वाट बघताना ‘तेव्हाची गाणीच वेगळी हो’ म्हणायची साताऱ्यात सध्या साथच आहे. साथीला इलाज नाही. पण आठवण काढायचीच तर ती नीट काढा. फोनवर स्वच्छ, धुतलेल्या चित्राची प्लेलिस्ट लावून डोळे पुसणं हे काम कच्चं आहे.

आधी वर्ष पक्कं करा. अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला १ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या तारखेवर हक्क सांगू नका, तेव्हा आपलं दूरदर्शनसुद्धा कृष्णधवल होतं. आपल्या आकाशात तो १९९१ मध्ये स्टारच्या गठ्ठ्यातून उतरला. १९९४ मध्ये दोघांचं फाटलं आणि त्याच्या जागेवर चॅनल व्ही येऊन बसला. १९९५ च्या आठवणीत स्टारच्या गठ्ठ्यातला एमटीव्ही घुसडलात तर जाणकाराच्या तावडीत सापडाल. त्या साली अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, तेवढं बिनधास्त वापरा. लकी अलीचं ‘ओ सनम’ १९९६ चं, ते त्याच्या आधी ओढू नका. आणि घरी केबल नव्हतीच, तुम्ही बघत होतात तो ‘सुपरहिट मुकाबला’, तोही शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात उभं राहून, ही गोष्ट कुणाला कळू देऊ नका. आठवणींच्या बाजारात दूरदर्शनला भाव नाही.

आता छत्री, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारी डिश. गच्चीवर दहा फुटी, जाळीची. जाळीची भोकं सात मिलिमीटरहून मोठी नकोत, कारण सी बँडची, म्हणजे तेव्हा चॅनल ज्या पट्ट्यात येत त्याची, लहर साधारण साडेसात सेंटीमीटरची असते आणि मोठ्या भोकातून ती गळते. फीडहॉर्न, म्हणजे छत्रीने गोळा केलेला सिग्नल झेलणारं नळकांडं, कुठे बांधायचं यासाठी छत्रीचा व्यास आणि खोली मोजा. व्यासाचा वर्ग, भागिले खोलीची सोळा पट. व्यास ३०५ सेंटीमीटर आणि खोली ४८ असेल तर उत्तर येतं १२१. बुडापासून तेवढ्यावर फीडहॉर्न. माकडाने लोंबकळून कड वाकवली की हा हिशोब गेला. मग चित्रात टिकल्या उडू लागतात, काळ्या-पांढऱ्या, फोडणीत मोहरी तडतडावी तशा. टिकल्या म्हणजे छत्रीचा दोष आणि मुंग्या, ती पडदाभर वळवळणारी बारीक खरखर, म्हणजे वायरचा. दोन्हींत गल्लत करणाऱ्याला स्मरणरंजनाचा परवाना देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोंड कुठे करायचं? साताऱ्याहून उत्तरेपासून सुमारे ११६ अंश, म्हणजे पूर्वेकडून थोडं दक्षिणेला, आणि क्षितिजापासून ४८-४९ अंश वर. होकायंत्र छत्रीच्या लोखंडी खांबाला टेकवून बघू नका, ते खांबाकडेच बघत राहील. तिथे १०५.५ अंश पूर्व रेखांशावर एशियासॅट-१ होता, स्टारचा गठ्ठा खाली सोडणारा उपग्रह. या उपग्रहाचं बारसं आधी वेस्टार-६ या नावाने झालं होतं. १९८४ मध्ये तो भलत्याच कक्षेत गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरात अंतराळयानातल्या माणसांनी त्याला पकडून खाली आणला, मग डागडुजी करून १९९० मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर चढवला. म्हणजे ज्या चॅनलच्या जोरावर आपण चारचौघांत मॉडर्न झालो, तो सेकंडहँड उपग्रहावरून येत होता. हे मात्र भेळ संपल्यावर सांगा, आधी सांगितलं तर रंगाचा बेरंग होतो.

चित्र आलं नाही की अजिंक्यताऱ्याला दोष द्यायची जुनी पद्धत आहे, ती पाळा. खरं तर ४८ अंशांवर बघणाऱ्या छत्रीला किल्ला आडवा यायचा तर घर त्याच्या कड्याला चिकटलेलं पाहिजे. पण ‘किल्ला मधे येतोय’ म्हटलं की महिन्याचे पैसे मागायला आलेल्या केबलवाल्याशी वाद संपतो, आणि शिवाय इतिहासाचा स्पर्शही होतो. पावसाचंही तसंच. सी बँडला पाऊस फारसा बाधत नाही, ते दुखणं हल्लीच्या छोट्या डिशचं. तेव्हा जुलैत चित्र जायचं ते जॉइंटमध्ये पाणी शिरून. उघड्या कनेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी आणि सुतळी बांधलेली असे. पिशवीत पाणी साठे आणि कनेक्टर त्यात निवांत पोहत राही. अस्सलपणा हवा असेल तर पिशवी तोंड वर करून बांधा.

मुंग्या आणणं त्यामानाने सोपं. आरजी-६ वायर, म्हणजे केबलवाल्याची ती जाड गोल वायर, शंभर मीटर ओढली की वरच्या व्हीएचएफ चॅनलच्या सिग्नलचे साधारण नऊ डेसिबल खाते. वाटेत दोन तोंडांचा स्प्लिटर टाकला की आणखी साडेतीन गेले. शेजाऱ्याने परस्पर एक जोड घेतला तर आणखी साडेतीन. सिग्नल साठ डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या खाली घसरू लागला की मुंग्या निघतात, आधी लाल रंगात, मग गायकाच्या दाढीत. स्प्लिटरचं एक तोंड मोकळं सोडलंत, ७५ ओहमची टोपी लावली नाहीत, तर सिग्नल तिथून आपटून माघारी येतो आणि प्रत्येक नर्तिकेच्या उजवीकडे तिची फिकट बहीण नाचू लागते. एक अडचण आहे: नवीन टीव्ही सिग्नल खराब दिसला की सभ्यपणे निळा पडदा दाखवतो. म्हणून भंगारवाल्याकडून काचेचा, सुटलेल्या पोटाचा टीव्ही आणा. दोघांनी उचला, पाठीच्या आठवणी वेगळ्या काढायच्या नसतील तर.

खरी कसोटी टेपिंगची. ई-१८० कॅसेट घ्या, तीन तासांची. पुसू नये म्हणून लग्नाच्या कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावा; लग्न गेलं तरी चालेल, गाणं येणार आहे. रेकॉर्ड आणि पॉज दाबून बसा. पॉजवर टेप वाचणारं फिरतं हेड टेपची एकच जागा घासत राहतं, म्हणून साधारण पाच मिनिटांनी व्हीसीआर आपणहून थांबतो. तुमचं गाणं बरोबर सहाव्या मिनिटाला लागतं. पुन्हा बटणं दाबेपर्यंत, टेप हेडच्या ड्रमला गुंडाळून चित्र स्थिर होईपर्यंत सुरुवातीचे काही सेकंद जातात. आणि गायकाचं नाव, गाण्याचं नाव, अल्बम, कंपनी ही पट्टी खालच्या कोपऱ्यात यायची ती नेमकी त्याच सेकंदांत. शेवटी पुन्हा यायची, पण तोवर आजोबांनी बातम्या लावलेल्या असत. रिमोट त्यांच्याकडेच द्या, तुमच्या हातात असेल तर पुढचं काहीच जमणार नाही.

साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या टेपवर पांढरी बुरशी धरते. ती तशीच लावू नका, हेड भरतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. हेड पुसताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय हे मऊ कातडं वापरा, कापूस नको. कातडं जागेवर धरून ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेडचं टोक तुटतं.

आता तुमच्याकडे बिननावाचं, मधूनच सुरू होणारं, मुंग्यांचं गाणं आहे. फोन ते पाच सेकंदांत ओळखेल. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. कॅसेटचं एखादं दुकान अजून तग धरून असेल ते शोधा, गल्ल्यावरच्या माणसापुढे चारचौघांच्या देखत चाल गुणगुणा आणि म्हणा, ‘ते नाही का, ज्यात बाई पावसात सायकल चालवते.’ तो वर न बघता म्हणेल, ‘संपलंय. सोमवारी या.’

सोमवारी जा.