ज्या नावाला 'ला' लागत नाही, ते गाव नकाशावर नको

मुलांसाठी अद्भुत गोष्टी लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, नकाशा आधी काढा. गोष्ट पूर्ण झाल्यावर चित्रकाराला "पहिल्या पानावर एक नकाशा टाक" सांगितलं की काय होतं ते दिसतंच: उत्तरेला बर्फाचे डोंगर, डावीकडे समुद्र, मधोमध 'एल्डोरा' नावाचं राज्य. मे महिन्यात ४५ अंशांत शाळेची सुट्टी काढणाऱ्या नागपूरच्या पोराला हा बर्फ कुठून ओळखीचा वाटणार? त्याच्या घरामागची नाग नदी तर पूर्वेला वाहते. तिचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. त्याच्या नकाशात समुद्र उजवीकडे आणि फार लांब असायला हवा.

नावांपासून सुरुवात करा. नाव सुचलं की त्याला ला, त, हून आणि चा लावून मोठ्यानं म्हणा. नागपूरच्या तलावाचं नाव घ्या, फुटाळा: फुटाळ्याला, फुटाळ्यात, फुटाळ्याहून, फुटाळ्याचा. तोंड आपोआप वळतं. आता 'एल्डोरा' घ्या. एल्डोराला की एल्डोऱ्याला? मूल तिथेच अडखळतं, आणि ते अडखळलं की त्या राज्यावरचा विश्वास गेला. पुढची पायरी त्याहून महत्त्वाची. आपण नागपूरकर इतवारीत जातो, पण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, जातो. त्या एका 'वर'मध्ये टेकडी आहे. कल्पनेतल्या गावाला 'वर' लागतो की 'त' हे ठरवलंत की त्याचा अर्धा भूगोल ठरला. झरी, टोला, खेडी, घाट, टेकडी ही शेपटं तर तयारच आहेत. 'झाडीपट्टी' हे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं खरं नाव आहे, पण एखाद्या जादूच्या प्रदेशाला याहून चांगलं नाव सुचवून दाखवा!

वारांच्या नावांची वस्ती हा तर नागपूरचा खजिना आहे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. अशा गावाचा नकाशा काढा, त्यात सहा बाजार दाखवा आणि सातवा दाखवू नका. मूल आधी बोटानं मोजेल, मग विचारेल, "गुरुवार कुठं गेला?" गोष्ट तिथून सुरू होते, एक ओळही न लिहिता.

कालिदासाचं मेघदूत याच नजरेनं वाचून बघा. त्यातली रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं आपलं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. तिथून आपल्या अलका नगरीपर्यंत यक्ष ढगाला वाट सांगतो, आणि प्रत्येक नावाला काहीतरी काम देतो: रेवा (म्हणजे नर्मदा) विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटून पसरलेली, शिप्रेवर पहाटेचा वारा. वाट वाकडी होईल तरी उज्जयिनीवरून जा, असं तो मुद्दाम सांगतो. मुलांच्या नकाशातली वाटही अशीच वाकडी हवी. सरळ रेघेवर गोष्ट घडत नाही.

आता मापं. दहा वर्षांचं मूल सामान घेऊन तासाला ३ किलोमीटर चालतं असं धरा. पाच तास चाललं तर दिवसाचे १५. नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे एक दिवस ठेवा. सहा दिवसांचा प्रवास १२ सेंटिमीटरचा झाला. वाट वळणाची असली तर शिवणाचा दोरा ओला करून तिच्यावर बसवा, मग ताणून पट्टीवर मोजा. दोरा १७ सेंटिमीटर भरला आणि गोष्टीत सहाच दिवस असतील, तर मुक्काम वाढवा नाहीतर डोंगर हलवा. स्टीव्हनसननं 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीचा नकाशा १८८१ मध्ये गोष्टीच्या आधी काढला होता. तो प्रकाशकाकडे हरवला, तेव्हा मजकुरातला एकेक उल्लेख तपासून नवा काढावा लागला. तुमच्या मजकुरावरून तुमचा नकाशा पुन्हा काढता येईल का, ही चांगली परीक्षा आहे.

अंतरं कुठून मोजायची तेही ठरवा. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर गावांची नावं आणि मैल कोरले आहेत, तसा गोष्टीतल्या मुलाच्या घराजवळ एक दगड हवा. नद्यांकडेही लक्ष द्या. समुद्राकडे जाताना नद्या एकमेकींत मिळतात, मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत. तलावातून पाणी बाहेर पडायची वाटही एकच ठेवा. यात चूक झाली तर मुलं ती मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात.

दिशांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. दक्षिण यमाची हे आपल्या घराघरांत आजी सांगते, म्हणून भीतीचा प्रदेश दक्षिणेला गेला तर तो आपोआप कळतो. तो वापरा. वर उत्तरच हवी असंही नाही, टोल्किनच्या 'द हॉबिट'मधल्या बुटक्यांच्या नकाशात वर पूर्व आहे. पण त्या भीतीच्या प्रदेशात 'जंगलातले रानटी लोक' बसवू नका. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता. गोंड, माडिया, कोरकू मुलं याच पुस्तकाची वाचक आहेत, आणि नकाशावर ती स्वतःचं घर शोधणार आहेत.

शेवटी छपाई, कारण मेहनत बहुतेकदा इथे वाया जाते. नकाशा दोन पानांवर पसरला असेल तर मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर जागेत कुठलंही नाव छापू नका, बांधणी ते गिळते. ८ पॉइंटपेक्षा लहान टाइप नको. ६ वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत भरून जातात. इंग्रजी नकाशात डोंगररांगेचं नाव अक्षरं सुटी करून ताणतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि 'काळडोंगरी'चं का ळ डों ग री होतं. त्यापेक्षा नाव दोनदा लिहा, रांगेच्या दोन्ही टोकांना. नदीचं नाव मात्र हातानं काढा: आधी पेन्सिलीनं प्रवाहाच्या वळणाला समांतर एकच अखंड शिरोरेषा ओढा, मग तिच्याखाली अक्षरं लटकवा.