बाळंतिणीच्या पिशवीतले कार्ड

आज सकाळी पुतणीला आणि तिच्या बाळाला गंगापूर रोडवरच्या एका प्रसूतिगृहातून घरी आणले. निघताना फाइल आणि औषधांबरोबर एक देखणी कापडी पिशवी हाती देण्यात आली. तीत बाळंतिणीसाठीच्या दूध पावडरीचा नमुन्याचा डबा होता आणि एक कार्ड होते: क्यूआर कोड स्कॅन करा, बाळाची जन्मतारीख व मोबाइल क्रमांक भरा, पुढचा डबा सवलतीत मिळवा. डब्यावर हसऱ्या आईचे छायाचित्र आहे, आणि त्याचा रंग व बोधचिन्ह तेच आहे जे औषधाच्या दुकानात तान्ह्या बाळाच्या पावडरीच्या डब्यावर दिसते.

डब्याचे एक वेळ सोडून देता येईल. माझा संताप आहे तो कार्डावर. बाळाच्या पावडरीसाठी आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दुधाची व आहाराची जाहिरात करायची नाही, नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायचे नाही आणि विक्री वाढवण्यासाठी गरोदर बाईशी किंवा तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्कही साधायचा नाही, इतके त्यात स्पष्ट लिहिले आहे. आईच्या पावडरीला यातले काहीही लागू नाही. तिला अन्न सुरक्षा कायद्याचे सर्वसाधारण नियम पाळले की पुरते. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे! आज आईच्या डब्यासाठी दिलेल्या क्रमांकावर काही महिन्यांनी कशाचे संदेश येतील, हे तुम्हाला मी सांगायला हवे का?

त्या डब्यावरची यादी मी चष्मा लावून वाचली. दूध पावडरीच्या पाठोपाठ साखर आहे. घरात डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर तयार असताना ही विकतची साखर कशासाठी?

पण हे लिहीत असताना राग बाजूला राहतो आणि पुतणीचा चेहरा आठवतो. दुसऱ्या दिवशी बाळ रडत होते म्हणून कोणीतरी सहज म्हणाले, ‘दूध पुरत नसेल, वरचं सुरू करा.’ पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो आणि तो थोडाच असतो, हे तिला कोणी समजावले नव्हते. रात्री ती मला हळूच विचारत होती, ‘काकू, माझ्यातच काही कमी आहे का गं?’ ज्या बाईच्या मनात असा प्रश्न आहे, तिच्या उशाशी तो डबा आणि ते कार्ड ठेवले जाते. याला भेट म्हणायचे?

काही बाळांना वरचे दूध द्यावेच लागते, हे मान्य. आई गंभीर आजारी असेल किंवा आईच नसेल, तर तो डबा जीव वाचवतो आणि तो शुद्धच असला पाहिजे. २००८ मध्ये चीनमध्ये मेलामाइन मिसळलेल्या पावडरीने सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. अशी भेसळ शोधण्यासाठी निदान प्रयोगशाळा तरी आहेत. प्रसूतिगृहाच्या दारात चाललेली ही गोड बोलून केलेली विक्री कोण तपासणार?

आणि कायदा मोडलाच, तरी जाहिरातीसाठी किंवा नमुने वाटल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच तरतूद आहे. कैद कोणाला होणार? आणि पाच हजार तर या कंपन्यांच्या एका जेवणाचे बिल असेल. शिवाय तुम्ही-आम्ही थेट न्यायालयात जाऊ शकत नाही. तक्रार अधिकृत अधिकाऱ्याने किंवा केंद्र सरकारने नेमलेल्या संस्थेनेच करायची. बाळंतिणीच्या नातेवाइकाला तो अधिकार मिळाला पाहिजे, आणि आईच्या डब्यालाही तोच कायदा लागू झाला पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयात मी सोमवारी लेखी अर्ज देणार आहे. ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तेही मी लेखीच मागणार आहे.