टेक्सासचं नवं घर आणि दर वर्षीची बोंबाबोंब

दर वर्षी तेच! टेक्सासात नवंकोरं घर घ्यायचं, पहिल्या वर्षी कराचं बिल पावणेदोन हजार डॉलर बघून खूश व्हायचं आणि पुढच्या वर्षी "काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) लुटलं" म्हणून बोंब ठोकायची. अहो, मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी तिथे नुसता प्लॉट होता! ८० हजारांच्या जमिनीवर २.२ टक्क्यांनी १,७६०. घरासकट ४ लाखांवर ८,८००, सवलती वगळून. बँकेने एस्क्रोत, म्हणजे हप्त्यासोबत करासाठी पैसे जमा करायच्या खात्यात, महिन्याला १४७च घेतलेले, मग ७,०४०चा खड्डा कोण भरणार? पुढचे बारा महिने नव्या कराचे ७३३ अधिक खड्डा भरायचे ५८७. बिल्डरचा एजंट हे कशाला सांगेल!

आणि भांडायचं कुठे, तर डिसेंबरात कर भरायच्या खिडकीवर. तिथे फक्त पैसे घेतात हो! घराची किंमत ठरवतं अप्रेझल डिस्ट्रिक्ट, म्हणजे मूल्यांकनाचं वेगळं कार्यालय; कराचे दर ठरवतात शाळा, शहर, काउंटी, एमयूडी (पाणी-सांडपाण्याची स्थानिक संस्था). हरकतीची मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, जे नंतर येईल ते. होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घरावरच्या करसवलतीचा, अर्ज फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारी पत्रं सरळ केराच्या टोपलीत टाका. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता मात्र आधी बदला, नाहीतर अर्ज अडकलाच म्हणून समजा.