फुटलेला पक्ष सोबत काय घेऊन जातो?

एक काल्पनिक प्रजासत्ताक डोळ्यांसमोर आणू. त्याच्या लोकसभागृहात १०० जागा आहेत, सत्ताधारी पक्षाकडे त्यांतल्या ६० आहेत, आणि एके दिवशी त्या ६० जणांपैकी १५ जण पत्रकार परिषद घेऊन वेगळी चूल मांडतात. त्यांत दोन माजी मंत्री आहेत, एक फर्डा वक्ता आहे, आणि पक्षात आपली घुसमट होत होती असे सांगणारे बाकीचे बरेच आहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सरकार टिकणार की पडणार याची गणिते येतात, महिनाभरात एखादे जनमत सर्वेक्षण नव्या पक्षाला ३० टक्के मते देते, आणि पुढच्या निवडणुकीत राजकारणाचा नकाशा बदलणार असे सगळेच बोलू लागतात. जवळचे उदाहरण घेतले की वाचणारा आधी बाजू ठरवतो आणि मग वाचतो, म्हणून मुद्दाम नाव नसलेले प्रजासत्ताक घेतले आहे.

बरीच वर्षे माझाही असा समज होता, की फुटीर पक्षाचे भवितव्य या १५ जणांच्या वजनावर ठरते. जितके मोठे नेते बाहेर पडतील तितका नवा पक्ष मोठा होईल, हे वरवर अगदी बरोबर वाटते. मात्र जगातल्या काही फुटींचा इतिहास वाचत गेलो तसतसा हा समज ढासळत गेला, आणि त्याला सर्वांत मोठा धक्का ब्रिटनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने दिला.

१९७९ मध्ये मजूर पक्षाची सत्ता गेली. नोव्हेंबर १९८० मध्ये मायकेल फूट नेते झाले आणि पक्ष डावीकडे सरकू लागला. २४ जानेवारी १९८१ रोजी वेम्बली येथील विशेष अधिवेशनाने पक्षनेता निवडण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत नेता फक्त खासदार निवडत असत. नव्या पद्धतीत कामगार संघटनांना ४० टक्के, खासदारांना ३० टक्के आणि मतदारसंघांतील शाखांना ३० टक्के वजन मिळाले. दुसऱ्याच दिवशी रॉय जेंकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स हे चौघे माजी मंत्री लंडनमधल्या लाइमहाउस भागात ओवेन यांच्या घरी जमले आणि त्यांनी आपले जाहीर निवेदन काढले. त्याच वर्षी २६ मार्चला सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची रीतसर स्थापना झाली. युरोप आणि अण्वस्त्रे यांवरचे मतभेद अनेक वर्षे साचत आले होते, तरी फुटीला निमित्त झाले ते टक्केवारीच्या एका नियमाचे. बहुतेक फुटींत असेच होते. भांडण जुने आणि खोल असते, पण दार आपटून बाहेर पडायला एखादा ठराव किंवा एखादी घटनादुरुस्ती पुरते.

या पक्षाकडे काय नव्हते? गृह, अर्थ, परराष्ट्र, शिक्षण आणि वाहतूक ही खाती सांभाळलेले नेते होते, कौतुकाने लिहिणारी वर्तमानपत्रे होती, आणि क्रेडिट कार्डाने वर्गणी भरून सभासद होण्याची त्या काळी अगदी नवी सोय होती. मजूर पक्षाचे २८ खासदार आणि हुजूर पक्षाचा एक असे २९ जण पुढच्या काळात त्यांच्याकडे आले. नोव्हेंबर १९८१ मध्ये शर्ली विल्यम्स यांनी क्रॉस्बीची पोटनिवडणूक जिंकली आणि हुजूर पक्षाचे १९,००० हून अधिक मतांचे मताधिक्य पुसून टाकले. डिसेंबरमध्ये गॅलपच्या पाहणीने या पक्षाच्या आणि लिबरल पक्षाच्या आघाडीला ५० टक्के पसंती दाखवली. आपल्या काल्पनिक प्रजासत्ताकातल्या १५ जणांनी हे आकडे पाहिले असते तर शपथविधीचे कपडे शिवायला टाकले असते.

जून १९८३ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मधल्या काळात फॉकलंड युद्धाने हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे पारडे जड केले होते, हे खरे. तरीही आघाडीला २५.४ टक्के मते पडली आणि मजूर पक्षाला २७.६ टक्के. दोघांत अंतर सुमारे पावणेसात लाख मतांचे. जागा मात्र ६५० पैकी मजूर पक्षाला २०९ आणि आघाडीला २३ मिळाल्या, आणि त्या २३ मध्येही नव्या पक्षाच्या अवघ्या ६ होत्या. विल्यम्स आणि रॉजर्स दोघेही पडले. हिशेब केला तर आघाडीला एका जागेमागे सुमारे ३ लाख ३८ हजार मते मोजावी लागली, तर मजूर पक्षाला सुमारे ४० हजार.

याचे खापर निवडणूक पद्धतीवर फोडले जाते आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. ज्या मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत देशभर सारखी पसरलेली २५ टक्के मते म्हणजे जागोजागी दुसरा क्रमांक. पण ती मते अशी पातळ थरासारखी का पसरली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नेते बाहेर पडले तेव्हा कामगार संघटना जागच्या हलल्या नाहीत. गल्लीतली मतदारयादी तोंडपाठ असलेला, पावसात घरोघर पत्रके टाकणारा, सभा संपल्यावर सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बहुतांशी मजूर पक्षातच राहिला. नव्या पक्षात आलेल्या सभासदांपैकी बरेच जण आधी कोणत्याच पक्षात नव्हते. माणसे सज्जन, शिकलेली आणि उत्साही होती, परंतु एकाही वस्तीत त्यांची पिढीजात ओळख नव्हती. मजूर पक्षाची मते खाणकामगारांच्या आणि कारखान्यांच्या वस्त्यांत घट्ट साचलेली होती, म्हणून इतक्या वाईट वर्षीही त्याच्या २०९ जागा शाबूत राहिल्या.

शेवटही सांगून टाकतो. १९८८ मध्ये बहुसंख्यांनी लिबरल पक्षाशी विलीनीकरण केले. ओवेन यांनी ते नाकारून जुन्या नावाने दुकान चालू ठेवले, म्हणजे फुटीर पक्षातही फूट पडली. मे १९९० मधल्या बूटलच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला १५५ मते मिळाली आणि निव्वळ थट्टेसाठी काढलेल्या मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टीच्या स्क्रीमिंग लॉर्ड सच यांना ४१८. त्यानंतर काही आठवड्यांतच तो पक्ष गुंडाळला गेला.

मग पद्धत बदलली की सगळे सुरळीत होते का? दक्षिण आफ्रिकेत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, त्यामुळे तिथे नव्या पक्षाला सभागृहाचे दार ब्रिटनइतके जड नाही. सप्टेंबर २००८ मध्ये सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपलेच राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांना पायउतार व्हायला लावले. त्यांच्या बाजूचे माजी संरक्षणमंत्री मोसिउआ लेकोटा आणि गौटेंग प्रांताचे माजी मुख्यमंत्री शिलोवा यांनी त्याच वर्षी 'काँग्रेस ऑफ द पीपल' हा पक्ष काढला. १९५५ मध्ये क्लिपटाउन येथे ज्या सभेने स्वातंत्र्याची सनद स्वीकारली, त्या सभेचे हे नाव होते. नावावरून मूळ पक्ष न्यायालयात गेला आणि हरला. २००९ मध्ये नव्या पक्षाला ७.४ टक्के मते आणि ४०० पैकी ३० जागा मिळाल्या, म्हणजे पदार्पण झोकात झाले. पुढे लेकोटा आणि शिलोवा यांच्यात पक्ष कोणाचा यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये जागा उरल्या ३. पद्धत अनुकूल, नाव वारशाचे, नेते अनुभवी, आणि तरी पाच वर्षांत खेळ खलास. एका माणसाच्या अपमानातून जन्मलेल्या पक्षाकडे तो अपमान शिळा झाल्यावर सांगण्यासारखे काही उरले नाही, असे माझे मत आहे.

आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधूनच २०१३ मध्ये निघालेल्या ज्युलियस मालेमा यांच्या इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्सचे तसे झाले नाही. त्यांचे प्रतिनिधी कामगारांचे लाल डगले, घरकाम करणाऱ्या बायकांचे पोशाख आणि डोक्यावर कठीण टोप्या घालून संसदेत बसले. त्याला नाटकीपणा म्हणा, पण हा पक्ष कोणासाठी आहे हे लांबून पाहणाऱ्यालाही कळत होते. २०१४ मध्ये त्यांना ६.३५ टक्के मते मिळाली आणि २०१९ मध्ये १०.८ टक्के. मालेमांची धोरणे मला पटत नाहीत, हा भाग वेगळा.

आणि मग माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी उमखोंतो वेसिझ्वे या नावाच्या पक्षाला आपला पाठिंबा जाहीर केला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने १९६१ मध्ये उभारलेल्या सशस्त्र दलाचे हे नाव होते. मूळ पक्षाने पुन्हा न्यायालय गाठले, तिथे पुन्हा पदरी काही पडले नाही. झुमा स्वतः उमेदवार होण्यास अपात्र आहेत असा निकाल तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मतदानाच्या थोडेच दिवस आधी दिला, तरी मतपत्रिकेवर त्यांचा चेहरा राहिला. झुमांच्या पाठिंब्याला सहा महिनेही झाले नव्हते, तरी या पक्षाला मे २०२४ मध्ये १४.५८ टक्के मते आणि ५८ जागा मिळाल्या. त्यांतली बरीचशी मते एकट्या क्वाझुलू-नाताल प्रांतातली होती. तिथल्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाने सुमारे ४५ टक्के मते घेतली. १९९४ पासून कधीही बहुमत न गमावलेली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ४०.१८ टक्क्यांवर आली. झुमा यांनी शाखांसकट एक अख्खा प्रदेश उचलून नेला, आणि ओवेन-जेंकिन्स यांना जे जमले नाही ते हेच होते. अर्थात निवडणुकीनंतर वर्षभरात या पक्षाच्या सरचिटणीसपदावर एकामागून एक माणसे आली आणि गेली, त्यामुळे त्याच्या दुसऱ्या निवडणुकीबद्दल मी पैज लावणार नाही.

आता ज्या उदाहरणाने मला सर्वांत जास्त शिकवले ते आयर्लंडचे. ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या तहानंतर आयर्लंडला स्वायत्त राज्य मिळाले, परंतु त्याच्या सभागृहात बसण्यासाठी ब्रिटिश राजाशी निष्ठेचा उल्लेख असलेली शपथ घ्यावी लागे. तह अमान्य असलेला शिन फेन पक्ष यादवी युद्ध हरला. १९२३ च्या निवडणुकीत त्याने ४४ जागा जिंकल्या, पण शपथ नको म्हणून एकही प्रतिनिधी सभागृहात गेला नाही. मार्च १९२६ च्या अधिवेशनात अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांनी सुचवले, की शपथ काढून टाकली गेली तर आत जाणे हा तत्त्वाचा नव्हे, तर धोरणाचा प्रश्न मानावा. २१८ विरुद्ध २२३ मतांनी त्यांची हार झाली. त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि मे महिन्यात डब्लिनच्या ला स्काला नाट्यगृहात फिअना फॉल पक्ष स्थापन केला.

यानंतरचा भाग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसा आला नसेल, पण माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. शॉन लेमास आणि गेरी बोलंड हे दोघे देशभर हिंडू लागले. एखाद्या गावी जायचे, स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या तुकडीचा प्रमुख कोण होता ते शोधून त्याच्या घरी बसायचे, त्याला पटवायचे आणि त्याच्याच हातून स्थानिक शाखा उभी करायची, असा त्यांचा क्रम होता. त्या माणसाला गावात आधीच मान होता, त्याच्या शब्दावर दहा घरे हलत होती. म्हणजे नव्या पक्षाने नव्या माणसांची भरती करण्याऐवजी जुन्या पक्षाचा पायाच विटेविटेने उचलून आणला. जून १९२७ मध्ये याचा निकाल लागला: फिअना फॉलला ४४ जागा आणि शिन फेनला ५. चार वर्षांपूर्वीचा तोच आकडा, फक्त दुसऱ्याच्या खात्यावर.

ऑगस्ट १९२७ मध्ये डी व्हॅलेरा आपल्या सहकाऱ्यांसह शपथेच्या वहीपुढे उभे राहिले. त्यांनी बायबल उचलून खोलीत दूर ठेवले, मजकुरावर कागद झाकला, आपण शपथ घेत नसून ही केवळ एक रिकामी औपचारिकता आहे असे तिथल्या अधिकाऱ्याला सांगितले, आणि सही केली. ज्या मुद्द्यावर यादवीत माणसे मेली तो मुद्दा असा कागदाखाली झाकणे कित्येकांना संतापजनक वाटले, आणि त्यांचा संताप मला समजतो. परंतु ही सही झाली नसती तर पुढचे काहीच झाले नसते. आत गेल्यावर पक्षाने जुन्या भांडणावर विसंबून न राहता छोट्या शेतकऱ्यांचा रोजचा प्रश्न हाती घेतला. जमीन खरेदीच्या कर्जाचे जे हप्ते ब्रिटनकडे जात होते ते थांबवू, हे वचन शेतकऱ्याला शपथेपेक्षा लवकर कळत होते. १९३१ मध्ये पक्षाने स्वतःचे दैनिक काढले. १९३२ मध्ये ७२ जागा जिंकून तो सत्तेवर आला आणि सलग १६ वर्षे राहिला.

म्हणून आपल्या त्या काल्पनिक प्रजासत्ताकात मी राहत असतो, तर पत्रकार परिषदेला कोणते माजी मंत्री होते ते फार वेळ पाहिले नसते. जिल्ह्याच्या कार्यालयाची किल्ली कोणाकडे राहिली, शाखाप्रमुख कोणाचा फोन उचलतात, आणि बाहेर पडलेल्यांच्या भाषणात स्वतःवरच्या अन्यायाला किती वेळ मिळतो व मतदाराच्या प्रश्नाला किती, एवढ्याची चौकशी केली असती.

आयर्लंडची एक गोष्ट राहिली. ज्या शपथेवरून शिन फेन फुटला ती शपथ डी व्हॅलेरा यांच्या सरकारने १९३३ मध्ये कायदा करून रद्द केली. ती कधीही घ्यायची नाही म्हणून मूळ पक्षात थांबलेल्यांपैकी एकही जण तेव्हा त्या पक्षाच्या वतीने सभागृहात नव्हता.