ल्यूर बदलणे आणि पद्धत बदलणे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मस्की या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी माशासाठी पाण्याचा अंदाज घेऊन ल्यूर, म्हणजे गळाचे कृत्रिम आमिष, बदलत राहावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: मस्की हा ‘दहा हजार फेकींचा मासा’ असल्यामुळे तो केवळ चिकाटीने मिळतो, विश्वासाची एकच ल्यूर दिवसभर पाण्यात ठेवणाऱ्याला डबा उघडून बसणाऱ्यापेक्षा जास्त मासे मिळतात, विस्कॉन्सिनमधले आपल्या ओळखीचे गाइड कित्येक वर्षे एकाच काळ्या बक्टेलवर (केसांची झालर आणि फिरती पाती असलेली ल्यूर) काम भागवत आले आहेत, आणि अशा लेखांमुळे नवखी माणसे मासेमारी शिकण्याऐवजी ल्यूर विकत घेत सुटतात. शेवटी आपण असेही विचारले आहे की, ऑक्टोबरच्या अखेरीस मिनेसोटातल्या मिल लॅक्स सरोवरावर जाताना एकच ल्यूर न्यायची असेल तर कोणती न्यावी.

खरेदीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याबाबत आपले दुमत नाही. चार-पाच ल्यूर नीट वापरता येणारा माणूस भरलेली पेटी घेऊन फिरणाऱ्यापेक्षा केव्हाही पुढे असतो. मी ज्या बदलाविषयी लिहिले तो आधी वेगाचा, मग खोलीचा, त्यानंतर आकाराचा आणि अगदी शेवटी रंगाचा आहे. यातले पहिले दोन बदल बहुतेक वेळा हातात असलेल्या ल्यूरनेच करता येतात आणि त्यासाठी दुकानात जावे लागत नाही.

विस्कॉन्सिनच्या अँटिगो गावचा सूइक घ्या. आपल्या गाइडांच्या पेट्यांत तो नक्की असणार. हा लाकडी जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायची ल्यूर, स्वतःहून तरंगतो, रॉडने ओढला की खाली जातो आणि ओढ थांबली की हळूहळू वर येतो. त्याच्या मागच्या टोकाला धातूची एक पातळ पट्टी असते. ती बोटाने किंचित खाली वाकवली की ओढताना शेपूट वर उचलले जाते, नाक खाली झुकते आणि तोच सूइक पूर्वीपेक्षा खोल जातो. वर वाकवली की उथळ चालतो. जून महिन्यात पाणवनस्पती पृष्ठभागाच्या फूट-दीड फूट खालीच असताना पट्टी वर ठेवायची आणि त्याच जागी सप्टेंबरमध्ये मासे वनस्पतींच्या बाहेरच्या कडेला उतरले की ती खाली घ्यायची, एवढा बदल मला अभिप्रेत आहे. लाकूड तेच, रंग तोच, किंमत शून्य.

आता काळ्या बक्टेलविषयी. ते गाइड एकच बक्टेल वापरतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण बक्टेलइतके गुणी साधन या मासेमारीत दुसरे क्वचितच आहे. पण पुढच्या वेळी त्यांच्या नावेत बसाल तेव्हा त्यांच्या ल्यूरकडे न पाहता रीळ फिरवणाऱ्या हाताकडे पाहा. सकाळी गार, शांत पाण्यावर तो हात सावकाश फिरत असेल. दुपारी वारा सुटून लाटा खडकाळ टोकावर आपटू लागल्या की त्याच बक्टेलचा वेग वाढलेला दिसेल. आणि ढग दाटून आले की नाव वनस्पतींच्या कडेवरून उचलून थेट त्यांच्या माथ्यावर नेलेली दिसेल. बाहेरून पाहणाऱ्याला एकच ल्यूर दिसते, प्रत्यक्षात माणूस तासातासाला पद्धत बदलत असतो. पात्यांचा हिशेबही त्यांना पाठ असतो. दहा नंबरची दोन गोल पाती पाण्याला इतकी अडतात की ल्यूर वर उचलली जाते आणि सावकाश ओढूनही ती पृष्ठभागाजवळ राहते, तर अरुंद, लांबट पात्याची बक्टेल त्याच वेगात बरीच खोल चालते. मासा आठ फुटांवर असताना मोठी पाती दोन फुटांवरून दिवसभर फिरवली, तर ती चिकाटी वाया जाते.

हे सगळे मी तापमानापासून सुरू करतो, त्याचे कारण मस्कीच्या शरीरात आहे. त्याचे रक्त पाण्याइतकेच गार किंवा उबदार असते. साठ अंश फॅरनहाइटच्या खालच्या पाण्यात त्याचे पचन मंदावते, दूरवर पाठलाग करण्याची त्याची तयारी कमी होते, आणि म्हणून हंगामाच्या आरंभी लहान ल्यूर सावकाश, मधूनमधून थांबवत चालवणे फायद्याचे ठरते. सत्तरीत पाणी आले की चित्र पालटते: तोच मासा वेगाने निघून जाणाऱ्या बक्टेलवर झडप घालतो, पण रेंगाळणाऱ्या ल्यूरकडे नुसता पाहत राहतो. वेगामुळे त्याला विचार करायला सवड मिळत नाही, असे इथले अनुभवी लोक सांगतात आणि मलाही ते पटते. पाणी ऐंशीच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या, पुढे गेले की मात्र एकच बदल योग्य आहे: मस्कीचा नाद सोडून दुसरा मासा पाहणे. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मस्की पोहत निघून गेल्यासारखा दिसला तरी नंतर मरू शकतो. मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही आणि त्यावरचाही आपल्यापैकी जवळजवळ सगळे सोडूनच देतात. मग सोडलेला मासा जगावा याची काळजी ल्यूरच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

आपल्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्याशी मी मुळीच सहमत नाही. ‘मासा मागे आला आणि परत गेला तर त्यात शिकण्यासारखे काही नसते, पुढची फेक करावी,’ असे आपण लिहिले आहे. माझ्या मते या मासेमारीत मागे आलेल्या माशाइतकी स्पष्ट माहिती दुसरीकडून मिळतच नाही. तो ल्यूरच्या शेपटीला नाक लावून, कल्ले ताणून आला, की दहा फूट मागे आणि खोलवरून सुस्तपणे आला, हे डोळ्यांनी दिसते. पहिल्या प्रकारचा मासा नावेजवळच, रॉडने ल्यूर पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून, मिळण्याची शक्यता मोठी असते, पण तो आकडा नीट काढावा लागतो. रॉडचे टोक पाण्यात बुडवायचे, लीडरच्या (ल्यूरला जोडलेल्या मजबूत तारेच्या) पुढे फूटभरच अंतर ठेवायचे, आणि मासा दिसो वा न दिसो प्रत्येक फेकीच्या अखेरीस वळण घ्यायचेच. वळण रुंद हवे. चार फुटांचा मासा दीड फुटांच्या वळणात वळू शकत नाही. त्याच्या तोंडापुढून ल्यूर निसटते, तो गोंधळतो आणि बुडून जातो. रुंद वळणाच्या बाहेरच्या बाजूला ल्यूर थोडी वर आणून किंचित वेग वाढवला की पुष्कळ मासे नेमके तिथेच तोंड उघडतात.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे सुस्त आलेल्या माशासाठी ती जागा लक्षात ठेवून नाव शांतपणे दूर न्यावी आणि सूर्यास्ताच्या सुमारास, चंद्रोदयाच्या वेळी किंवा वादळाआधी वारा फिरला की परत यावे. तो बहुधा तिथेच असतो. परत येताना मात्र एकच गोष्ट बदलावी. बक्टेलमागे आला होता तर त्याच खोलीवर रबरी ल्यूर सावकाश आणावी, किंवा रबर होते तर पृष्ठभागावर आवाज करणारी ल्यूर फिरवावी. वेग, खोली, आकार, रंग आणि जागा हे सगळे एकदम बदलले आणि मासा मिळाला, तर तो कशामुळे मिळाला हे कधीच समजत नाही. दर दहा मिनिटांनी डबा उघडणाऱ्यांवर आपण जी टीका केली आहे ती या ठिकाणी अगदी रास्त आहे. तसा माणूस पद्धत बदलत नसतो, तो धीर सोडत असतो. मी सुचवलेला बदल पाण्याने किंवा माशाने काहीतरी दाखवल्यानंतरचा आहे.

रंगाबद्दल आपण विशेष विचारले नाही, म्हणून एवढेच सांगतो की विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फ्लोएज जलाशयाच्या चहासारख्या गडद पाण्यात मी काळा किंवा नारिंगी निवडतो आणि स्वच्छ सरोवरात चंदेरी, पांढुरका. त्यापलीकडे रंगावर वेळ घालवू नये.

आता मिल लॅक्स. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी याच सरोवरात ५५ पौंड १४.८ औंसांचा मस्की मिळाला आणि विनीबिगोशिश सरोवरातल्या माशाचा १९५७ पासूनचा, ५४ पौंडांचा, मिनेसोटाचा विक्रम मोडला गेला. सरोवर गोठायला आले असतानाही मोठे मासे खात असतात, हे त्यावरून दिसतेच. त्या काळात पोटभर, सावकाश हलणारे भक्ष्य त्यांना हवे असते. टुलिबी मासे अंडी घालण्यासाठी उशिरा शरदात खडकाळ उथळ भागांकडे सरकतात आणि मस्की त्यांच्या मागावर असतात. म्हणून एकच ल्यूर न्यायची तर मी मध्यम वजनाची, लांब वळणदार शेपटीची रबरी ल्यूर नेईन. ती पाण्यात पडल्यावर मनात आकडे मोजत हव्या त्या खोलीवर बुडू देता येते, रॉडने ओढून सोडता येते आणि वेळ पडली तर सरळ रीळ फिरवून उथळही आणता येते. म्हणजे एकाच ल्यूरमध्ये तीन पद्धती मिळतात आणि आपला आग्रहही पाळला जातो. खडकांच्या माथ्यावरून सुरुवात करावी, मग कडेने खोल पाण्याच्या दिशेने.

जाळे मोठे न्या आणि गळ कापायला मजबूत कटर विसरू नका, कारण गारठलेल्या बोटांनी तीन टोकांचा गळ सोडवत बसणे माशालाही महागात पडते. आणखी एक: थंडीत रबर ताठरते आणि शेपूट हवे तसे वळवळत नाही. म्हणून पहिली फेक करण्याआधी ल्यूर नावेच्या कडेला थोडा वेळ पाण्यात धरा, मग हाताने पुढे ओढून शेपूट कमीत कमी किती वेगाला हलते ते पाहा आणि त्याच वेगाने दिवसाची सुरुवात करा.