शून्य संभाव्यता म्हणजे अशक्य नव्हे

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: ‘अखंडित चलाची संभाव्यता ही शुद्ध थाप आहे. प्रत्येक नेमक्या किमतीची संभाव्यता शून्य, म्हणजे ती किंमत येणं अशक्य. शून्यांची बेरीज शून्यच. घनता तर 1 च्याही वर जाते. आणि मोजमापं शेवटी खंडितच असतात.’ (अखंडित चल म्हणजे वेळ किंवा उंचीसारखी, सलग पट्ट्यातली कुठलीही किंमत घेऊ शकणारी राशी; खंडित म्हणजे सुट्या-सुट्या किमतींची. घनता म्हणजे एका एककामागे संभाव्यता किती दाट आहे ते.)

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. अशक्य घटनेची संभाव्यता शून्य असते हे खरं, पण उलट विधान फक्त फाशा-नाण्यांपुरतं चालतं. 0 ते 1 मधली संख्या यादृच्छिक निवडली तर कुठली तरी येणारच, आणि जी आली तिचीही संभाव्यता आधी शून्यच होती.

बेरजेचा मुद्दा मात्र दमदार आहे. रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने 1933 मध्ये मांडलेल्या संभाव्यतेच्या गृहीतकांत बेरजेचा नियम पहिली, दुसरी, तिसरी अशी यादी करता येणाऱ्या घटनांपुरताच आहे. 0 ते 1 मधल्या वास्तव संख्यांची अशी यादी होऊच शकत नाही, हे जर्मन गणिती कॅन्टरने 1874 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे तिथे शून्यं मिळवत बसायचा प्रश्न येत नाही, संख्या ज्या पट्ट्यात यायची त्याची लांबी मोजायची. बिंदूला लांबी नसते म्हणून फूटपट्टी खोटी ठरत नाही! गंमत म्हणजे, हाच आक्षेप एका ठिकाणी अचूक लागतो. सगळ्या नैसर्गिक संख्यांतून ‘प्रत्येकीला समान संधी’ देऊन एक निवडा म्हटलं, तर यादी होते. प्रत्येकीला शून्याहून जराही जास्त संधी दिली तर बेरीज 1 च्या पार जाते, शून्य दिली तर बेरीज खरोखर शून्य येते, आणि म्हणूनच असं वितरण (संभाव्यतेची अशी वाटणी) अस्तित्वातच नाही.

घनतेचं काय? बस पुढच्या 30 मिनिटांत कधीही येऊ शकते, सगळे क्षण सारखेच. तासात मोजलं तर घनता 2, मिनिटांत मोजलं तर 1/30. पहिल्या 6 मिनिटांत बस येण्याची संभाव्यता दोन्हीकडून 0.2 च. घनता ही संभाव्यता नाही. ती कालावधीने गुणल्यावर संभाव्यता मिळते.

मोजमापं खंडित असतात, कबूल. पण अखंडित वक्र खंडित गोष्टींचाही छान अंदाज देतो: नाणं 100 वेळा उडवून बरोबर 50 छापे येण्याची संभाव्यता 0.0796, आणि प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वक्राखालचं 49.5 ते 50.5 मधलं क्षेत्रफळ 0.0797. ही वाट फ्रेंच गणिती द म्वाव्रने 1733 मध्येच दाखवली. शिवाय दोन्ही प्रकार एकत्रही नांदतात: एका दिवसाच्या पावसाचं वितरण मांडताना 0 मिमीला स्वतःची ठोस संभाव्यता द्यावी लागते, आणि त्यापुढच्या पावसाला घनता.