आजारपणातली भांडी मोडीत काढण्याआधी

समई, अडकित्ता, पानाचा डबा यांचे फोटो आपण हौसेने टाकतो. पण आजाऱ्याच्या उशापायथ्याशी रात्र रात्र राबलेल्या वस्तू निमूटपणे मोडीत जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

सहाणच घ्या. देवाच्या गंधापुरती ती आता उरली आहे. पण बाळगुटीचं माप तिच्यावरच ठरायचं, वेढ्यांत, म्हणजे औषध सहाणेवर किती वेळा गोल फिरवून उगाळलं त्यावर. खारीक-बदामाचे वेढे जास्त, वेखंडाचे मोजके, जायफळाचा जेमतेम एखादा, कारण जायफळ जास्त झालं की गुंगी येते. हाताचा दाब आणि मोजलेले वेढे, हाच डोस. घरातली जाणती बाई गेली की दगड उरतो, माप जातं. (गुटी पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे डॉक्टर सांगतात तेच बरोबर.)

काशाच्या वाटीचंही तसंच. तळपायाला तूप लावून ती घासली की पाय काळे होतात आणि 'उष्णता निघाली' म्हणतात. तो काळेपणा तांबं-कथलाच्या त्या धातूचा असतो. पण कुणीतरी पायाशी बसून तळवे चोळत होतं आणि आजाऱ्याचा डोळा लागत होता, हे तर खरंच होतं ना?

आणि बोंडलं! चांदीचं नाहीतर पितळेचं, चोचीचं, इवलंसं. बाळाला आडवं धरून त्यातून दूध ओतायची रीत घातकच होती, दूध श्वासनलिकेत जायचं. पण भांड्याचा त्यात काय दोष? कमी दिवसांच्या, अंगावर ओढून पिता न येणाऱ्या बाळांना आजही दवाखान्यांतल्या नवजात विभागात आईचं काढलेलं दूध अशाच चोचीच्या भांड्याने पाजतात. दक्षिणेत त्याला पलाडाई म्हणतात. बाळाचं डोकं उंच धरायचं, चोच ओठाला टेकवायची आणि त्याने गिळलं की मगच पुढचा घोट. दूध पाजायच्या बाटलीच्या रबरी बोंडात दूध अडकून जंतू वाढतात. हे उघडं भांडं मात्र घासून, उकळून लख्ख होतं. अशी वस्तू आपण शोभेच्या कपाटात ठेवतो किंवा सोनाराकडे वितळवायला देतो.

पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं. वस्तू तिथे जपल्या जातील, पण वापरणाऱ्या हातांची माहिती आपणच लिहायला हवी.

घरी सहाण, बोंडलं, काशाची वाटी असेल तर फोटो जरूर टाका. सोबत हेही लिहा: कुणासाठी ती वस्तू बाहेर काढायचे, कोण वापरायचं, कशाचे किती वेढे. आई, आजी, मावशी आहेत तोवर विचारून घ्या.